दक्षिण अमेरिकेचा उठावाचा नकाशा: घेतला ब्राझीलसाठी, रमलो बोलिव्हियात

मी लातूर जिल्ह्यातल्या औश्यात घरीच ट्यूशन घेते, आठवी ते दहावी, भूगोल आणि इतिहास. दहावीच्या भूगोलाला ब्राझील आहे हे सगळ्यांना माहितीच आहे, आणि दरवर्षी तेच व्हायचं, लेकरं उच्चभूमी, अजस्र कडा, ॲमेझॉनचं खोरं सगळं पाठ करायची पण उंच म्हणजे किती उंच आणि कशापेक्षा उंच हे डोळ्यापुढं काही यायचं नाही. म्हणून दिवाळीत माहेरी छत्रपती संभाजीनगरला गेले तेव्हा औरंगपुऱ्यात शालेय साहित्याच्या दुकानातून हा दक्षिण अमेरिकेचा उठावाचा नकाशा घेतला, म्हणजे ज्यात डोंगर खरंच वर आलेले असतात आणि हात फिरवला की लागतात तो. साधारण तीन फूट उंच, दोन फूट रुंद, 1450 रुपये. आता चार महिने वापरून झालाय, म्हणून म्हणलं नीट लिहावं, कारण घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि मराठीत कुणी एक ओळ लिहिलेली सापडली नव्हती.

आधी वस्तूबद्दल. प्लास्टिक जाड आहे, दाबलं तरी डोंगर आत जात नाहीत, रंग धुतलेल्या हातानं पुसला तरी जात नाही, आणि वर टांगायला दोन भोकं आहेत. नावं मात्र सगळी इंग्रजीत, मराठी एक सुद्धा नाही, त्यामुळं पहिला रविवार आम्ही सगळ्यांनी मिळून कागदाच्या चिठ्ठ्यांवर देवनागरीत नावं लिहून चिकटवण्यात घातला. उंची मुद्दाम वाढवून दाखवलीये आणि ते बरोबरच आहे, कारण खऱ्या मापानं केलं असतं तर एवढ्या मोठ्या नकाशात अँडीज एक मिलिमीटर सुद्धा भरला नसता, बोटाला कळलाच नसता. ही गोष्ट लेकरांना आधीच सांगून ठेवा नाहीतर त्यांना वाटतं डोंगर खरंच भिंतीसारखे उभे आहेत.

पॅकिंग वाईट. दुकानदारानं नुसत्या पेपरात गुंडाळून सुतळी बांधून दिला, एसटीत मांडीवर धरून आणला तरी घरी उघडल्यावर खालचा कोपरा तडकलेला निघाला, फोन केला तर म्हणले विकलेला माल परत घेत नाही. तुम्ही घ्याल तर दुकानातच उघडून चारी कोपरे बघून घ्या.

आता खरी गोष्ट. पहिल्या दिवशी ब्राझील शिकवायला नकाशा खाली सतरंजीवर ठेवला आणि सगळ्यांना म्हणलं डोळे मिटून डावीकडून उजवीकडं बोट फिरवा. पॅसिफिकच्या गुळगुळीत निळ्यावरून बोट निघतं, लगेच डोंगर चढतं आणि लगेच पलीकडं उतरतं, चिलीत असंच होतं, वर इक्वेडोरकडं पण बहुतेक तसंच. पण आमची एक पोरगी, दहावीतलीच, मध्येच थांबली आणि म्हणाली, मॅडम इथं बोट खाली पडतच नाही, वर गेलं ते वरच राहायलंय. डोळे उघडून बघितलं तर बोट बोलिव्हियावर. त्या दिवशी ब्राझील तसाच राहिला.

ती बोटाला लागलेली जागा म्हणजे अल्टिप्लानो. अँडीजच्या इथं दोन रांगा होतात, एक पश्चिमेची एक पूर्वेची, आणि दोघींच्या मधे पोळपाटासारखं सपाट पठार, समुद्रसपाटीपासून 3700 मीटरच्या आसपास. आपलं लातूर सव्वासहाशे-साडेसहाशे मीटरवर, राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी ला पाझ शहर त्याच्या वर राहतं, ते 3600 च्या आसपास आहे, आणि त्याच्या डोक्यावरचं एल आल्तो 4000 च्या पुढं, तिथं विमानतळ आहे. सगळ्यात उंच शिखर साहामा, 6542 मीटर, हे जवळपास चार कळसूबाई झाले. खालच्या शहरातून वरच्या शहरात कामाला जायला यायला 2014 पासून रोपवे चालतात, देवदर्शनाचे नाहीत, रोजचे, आपल्याकडं सिटी बस असते तसे. लेकरांनी हे ऐकलं आणि नकाशावर दोरा ताणून रोपवे करून बघितला.

देश नकाशावर वीतभर पण नाही, पण खरा म्हणला तर जवळपास 11 लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या साडेतीन पट. आणि माणसं किती, तर सव्वा कोटीच्या आतच. 2011 च्या जनगणनेत आपल्या मराठवाड्याचे आठ जिल्हे मिळून 1 कोटी 87 लाख होते. एवढा मोठा मुलूख आणि आपल्यापेक्षा कमी माणसं, हे मी फळ्यावर लिहिलं तर सगळे गप्प झाले, मग मागून एकानं विचारलं की मग तिथं शेताचे बांध कोरत नसतील का कुणी. मी म्हणलं, जमिनीवरून तिथं आपल्यापेक्षा जास्त झालंय, सांगते पुढं.

पाण्याचं आधी सांगते कारण माझ्या मते या नकाशाची सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात मोठा उपयोग एकाच ठिकाणी आहे. अल्टिप्लानोवर वरच्या बाजूला टिटिकाका सरोवर, 3812 मीटरवर, अर्धं पेरूत अर्धं बोलिव्हियात. त्यातलं पाणी देसाग्वादेरो नावाच्या नदीनं खाली दक्षिणेला येतं आणि पूपो नावाच्या सरोवराला मिळतं. समुद्राला जायला वाटच नाही, दोन्हीकडून डोंगराची भिंत, जे पाणी आलं ते तिथंच उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं. नकाशात पूपो शेंगदाण्याएवढा निळा ठिपका आहे, चांगला चकचकीत निळा. आणि ते सरोवर डिसेंबर 2015 मध्ये आटलं. टिटिकाकाच्या खालोखाल देशातलं दुसरं मोठं सरोवर, उथळ होतं, नदीचं पाणी वरच्यावर खाणींना आणि शेतीला वळवलं, गाळ साठत गेला, ऊन वाढलं, त्यात दुष्काळ आला आणि संपलं. काठावर उरू लोक राहायचे, पिढ्यानपिढ्या मासेमारीवर जगणारे, त्यांच्या होड्या कोरड्या भेगाळलेल्या तळावर तशाच पडून राहिल्या आणि माणसं मिठाच्या कामाला, खाणीत, शहरात मजुरीला निघून गेली. पाऊस बरा झाला की थोडं पाणी परत दिसतं पण पहिल्यासारखं नाही.

हे सांगताना माझा आवाज जड झाला होता कारण तारीख बघा. डिसेंबर 2015 ला तिकडं पूपो आटलं आणि एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, माझी थोरली जाऊ तेव्हा लातुरात राहायची, रात्री दोनला उठून घागरी रांगेत लावून यायची. आता दहावीत असलेली लेकरं तेव्हा बालवाडीत होती, त्यांना टँकर आठवतो, रेल्वे आठवत नाही. मी त्यांना म्हणलं, त्या होडीवाल्या माणसाला तुमच्या आजीशी बोलायला भाषा लागणार नाही.

मग त्याच पोरीनं विचारलं की सरोवर नाही तर नकाशात निळं का दाखवलंय. चुकलंय, म्हणलं. नकाशा छापणाऱ्यानं एवढं तरी करायला पाहिजे होतं, तुटक रेषेनं दाखवता येतं, आपल्या नकाशांत हंगामी नद्या दाखवतात तसं. यासाठी मी एक तारा कापते.

पूपोच्या खाली पांढरा डाग आहे, शर्टाच्या बटणाएवढा, ते उयुनीचं मिठाचं मैदान. 10 हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपला बीड जिल्हा साधारण तेवढाच आहे, म्हणजे आष्टीपासून परळीपर्यंत अख्खा बीड जिल्हा घ्या, त्यातली झाडं, घरं, ऊस सगळं काढा आणि नुसतं मीठ पसरा. जुन्या काळी तिथं मोठं सरोवर होतं ते आटून हे झालंय. पावसाळ्यात वर बोटभर पाणी साठलं की आभाळ त्यात उतरतं, आरसाच. आणि त्या मिठाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे, आपल्या मोबाईलच्या आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला लागतं ते, जगातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांत त्याची गणती होते. काढणं अजून म्हणावं तसं जमलेलं नाही, आणि तिथले लोक सावध आहेत, कारण जमिनीतून काढून नेण्याचा त्यांचा अनुभव फार वाईट आहे.

तो अनुभव म्हणजे पोतोसी. नकाशावर हे नाव इतकं बारीक छापलंय की भिंग लागतं, आणि हीच जागा एकेकाळी जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी होती. 1545 ला तिथल्या सेर्रो रिको डोंगरात स्पॅनिश लोकांना चांदी लागली, 4000 मीटरवर जिथं झाड उगवत नाही तिथं शंभर वर्षांच्या आत दीड लाखाच्या वर वस्ती झाली. खाणीत उतरवायला माणसं कुठून आणली, तर गावोगावच्या आदिवासींकडून पाळीपाळीनं वेठ, त्याला मिता म्हणायचे. चांदी वेगळी करायला पारा वापरायचे, तो अंगात जाऊन माणसं मरायची. स्पॅनिश भाषेत एखादी गोष्ट फार मोलाची असली तर अजून म्हणतात ‘वाले उन पोतोसी’, म्हणजे एका पोतोसीच्या किमतीची. आणि ही चांदी नुसती स्पेनला नाही गेली, युरोपच्या व्यापाऱ्यांकडून सुरतेला उतरायची, मुघलांच्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडायचे. खडकीचं औरंगाबाद झालं तेव्हा इथल्या बाजारात जे रुपये फिरत होते त्यांत कुठंतरी त्या डोंगराची चांदी होती. माझ्या सासूबाईंकडं, आम्ही आत्याबाई म्हणतो, जुना चांदीचा गोठ आहे, त्या दिवशी पोरांनी तो हातात घेऊन बघितला, ती चांदी कुठली ते कुणी सांगू शकत नाही, पण प्रश्न तरी पडला.

इतिहासात राजांच्या याद्या मी करून घेत नाही. 1781 मध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध तुपाक कातारी आणि त्याची बायको बार्तोलिना सिसा यांनी आयमारा लोकांची फौज उभारून ला पाझला महिनोन्महिने वेढा घातला, दोघांनाही हाल करून मारलं. मग 6 ऑगस्ट 1825 ला देश स्वतंत्र झाला, स्पेनविरुद्ध लढलेल्या सिमोन बोलिव्हारच्या नावावरून बोलिव्हिया, त्याचा सेनापती सुक्रे याच्या नावाचं शहर घटनेप्रमाणं राजधानी, पण सरकार बसतं ला पाझला. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवा, नकाशात फक्त ला पाझला तारा दिलाय.

जमिनीचं म्हणत होते ते हे. स्वातंत्र्य आलं तरी मोठ्या जमीनदारांच्या शेतात आदिवासी कुटुंबं बिनपगारी राबायची, आठवड्यातले काही दिवस मालकाचे, वर मालकाच्या घरचं काम वेगळं. मतदानाचा हक्क नाही कारण लिहिता वाचता येत नाही. 1952 ला क्रांती झाली, सगळ्यांना मत मिळालं, कथिलाच्या मोठ्या खाणी सरकारनं घेतल्या, आणि 1953 ला कसणाऱ्याला जमीन देण्याचा कायदा झाला. हे शिकवताना आत्याबाई दाराशी बसून शेंगा फोडत होत्या, त्या मधेच म्हणल्या, म्हंजे आपल्याकडच्या जहागिरीवानीच की गं. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात वेठीला जायचे, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. पुढची पंधरा मिनिटं त्यांनीच शिकवलं. मी 17 सप्टेंबर 1948 ही तारीख दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण त्या दिवशी लेकरांनी ती पहिल्यांदा मनापासून ऐकली.

समुद्राची गोष्ट लेकरांना सगळ्यात जास्त लागली. नकाशात बोलिव्हिया चारी बाजूंनी बंद आहे, पण आधी नव्हता. पॅसिफिकला 400 किलोमीटरच्या आसपास किनारा होता, वाळवंटाचा, पण खाली सोरा होता, खत आणि दारूगोळ्याला लागणारा. 1878 ला बोलिव्हियानं तिथं सोरा काढणाऱ्या चिलीच्या कंपनीवर क्विंटलमागं 10 सेंताव्हो कर लावला, त्यावरून 1879 ला चिलीशी युद्ध पेटलं, पेरू बोलिव्हियाच्या बाजूनं उतरला, दोघंही हरले आणि किनारा गेला. 1904 च्या करारानं कायमचा. पण तिथं अजून दरवर्षी 23 मार्चला समुद्र दिवस पाळतात, देशाला आरमार पण आहे, ते टिटिकाकावर आणि नद्यांवर सराव करतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, 2018 ला निकाल विरोधात गेला. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी अजून समुद्र बघितलेला नाही, औश्याहून कुठला बघणार, त्यामुळं नसलेल्या समुद्रासाठी दिवस पाळणं त्यांना मुळीच वेगळं वाटलं नाही. पुढं चाको नावाच्या रखरखीत भागासाठी 1932 ते 35 पॅराग्वेशी लढून तिकडची पण जमीन गेली, त्याआधी 1903 ला आक्रे ब्राझीलला गेलं. नकाशावर मी ते गेलेले तुकडे खडूनं रंगवून दाखवले, खडू ओल्या कापडानं निघतो, ही या नकाशाची फार चांगली सोय आहे.

कोचाबांबाचं पाणी थोडक्यात. मधल्या डोंगरातलं हे शहर, तिथला पाणीपुरवठा 1999 ला खाजगी कंपन्यांच्या गटाकडं दिला, बिलं एकदम वाढली, काहींची दुप्पट, आणि लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरी, वस्तीच्या पाणी समित्या सुद्धा जातील अशी भीती पसरली. एप्रिल 2000 पर्यंत शहर रस्त्यावर होतं, गोळीबारात 17 वर्षांचा मुलगा गेला, शेवटी सरकारनं करार मोडला. पाण्याच्या टँकरचा दर ज्यानं दिलाय त्याला याच्यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

माणसांबद्दल नकाशा काहीच सांगत नाही, ते तुम्हाला सांगावं लागतं. आयमारा आणि केचुआ हे दोन मोठे समाज डोंगरात, खाली ग्वारानी आणि इतर कितीतरी. 2009 च्या घटनेत स्पॅनिश धरून 37 भाषा राजभाषा आहेत. 2006 ला एव्हो मोरालेस हा आयमारा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, आदिवासींतला पहिला. बायका पोलेरा म्हणजे घेरदार घागरा नेसतात, डोक्यावर गोल टोपी आणि पाठीवर रंगीत पट्ट्यांच्या कापडात लेकरू बांधलेलं, शेतात जाताना आपल्याकडं झोळी बांधतात तशीच मायेची गाठ.

आणि पाचामामा, म्हणजे धरती माय. काही प्यायच्या आधी पहिली धार जमिनीवर सांडायची, ऑगस्टमध्ये तिच्यासाठी शेतात नैवेद्य पुरायचा. हे वाचलं तेव्हा मला आपली येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आठवली. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, आणि पूजा झाली की शेतभर आंबील शिंपडत फिरणं. आपली येळवस थंडीत, त्यांचाही ऑगस्ट थंडीचाच, कारण ते विषुववृत्ताच्या खाली. यावर्षी येळवशीला शेतात गेलो तेव्हा पोरांनी आंबील शिंपडताना एक घास पाचामामाला म्हणून टाकला, आत्याबाई काही बोलल्या नाहीत, उलट अजून भज्जी वाढली.

खाण्याचं मला फार सांगायचंय पण आवरते. शेंगदाण्याचं मूळ दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या भागातलं. तिकडं शेंगदाण्याचं सूप घरोघरी करतात, सोपा दे मानी, आणि आपण एकादशीला शेंगदाण्याची आमटी करतो. मिरचीच्या कुळाचं मूळ पण त्याच खंडातलं. बटाट्याचं चुन्यो करतात, रात्री कडाक्याच्या थंडीत बटाटे उघड्यावर पसरायचे, गोठले की सकाळी पायानं तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं, वर्षानुवर्षं टिकतं. हे ऐकून आत्याबाई म्हणल्या, वाळवणच हाय की. टिटिकाकाजवळ तिवानाकू नावाचं जुनं नगर होतं, इंका लोकांच्या कितीतरी आधीचं, त्यांची शेताची पद्धत तर बघण्यासारखी, उंच वाफे आणि मधे पाण्याच्या चाऱ्या, दिवसा पाणी तापायचं, रात्री ती ऊब सोडायचं आणि पीक दहिवरानं करपायचं नाही. आमच्या शेजारचे काका बीबीएफवर, म्हणजे रुंद वाफे आणि मधे सऱ्या पाडून, सोयाबीन पेरतात, त्यांना सांगितलं तर त्यांनी येऊन नकाशावर टिटिकाका कुठं ते बोटानं बघून घेतलं.

सोयाबीनवरून, नकाशाचा उजवीकडचा हिरवा भाग विसरू नका. दोन तृतीयांश बोलिव्हिया डोंगरात नाहीच, खाली सपाट आणि गरम आहे, सगळ्यात मोठं शहर सांता क्रुझ तिथंच, आणि तिथं मैलोन्मैल सोयाबीन. जंगल तोडून शेती वाढतीये, तो वेगळा आणि दुःखाचा विषय. पण लातूरच्या आडतीत भाव पडला की आपण दक्षिण अमेरिकेचं पीक जास्त आलं म्हणतो, ती दक्षिण अमेरिका कुठंय हे पोरांनी हात लावून बघावं असं मला फार वाटतं.

एकूण माझ्याकडून पाचात चार. पूपोच्या जागी आमच्या त्या पोरीनं पांढरी चिठ्ठी चिकटवलीये, त्यावर निळ्या पेननं ‘डिसेंबर 2015 पर्यंत इथं पाणी होतं’ असं लिहिलंय, आणि बहिणीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी मी दुसरा नकाशा सांगितलाय, या वेळी दुकानदाराला म्हणलं दोन्ही बाजूंनी प्लायवूड लावून बांधा, त्याचे ऐंशी रुपये वेगळे घ्या.